पेन्सिलीचे आकडे

मी लबाडी केली ती खोडरबरनं केली, आणि बायकोच्या सुखावर केली. हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं कोणाला माझी दया यायला नको.

मी केवलराम बहेकार. गाव आमगावकडचं, पण चौतीस वर्षं भिलाईत. स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये, रेल्वेचे रूळ बनतात तिथं, क्रेन चालवायचो. क्रेनच्या केबिनमधून खालचं सगळं दिसतं, ऐकू मात्र काही येत नाही. खालचा माणूस हातानं इशारा करतो, तसं उचलायचं, तसं ठेवायचं. आवाजाशी आपला संबंध नाही. घरीही मी तसाच राहिलो. फरक इतकाच, की घरी मी खालच्या माणसाचे इशारेही पाहिले नाहीत.

प्लांटच्या माणसाच्या घरी कॅलेंडर देवाच्या फोटोपेक्षा मोठं असतं. आमचं सेक्टर सातच्या क्वार्टरमध्ये, स्वयंपाकघराच्या दाराशी. महिन्याच्या पहिल्या तारखेला मी लाल पेन घेऊन तारखांच्या सगळ्या घरांत शिफ्ट भरायचो. फर्स्टचा फ, सेकंडचा से, नाईटचा ना, सुटीचा, म्हणजे ऑफचा, ऑ. त्यावर घर चालायचं. गॅसचं सिलिंडर कधी लागलं, दामिनी कधी येणार, दूधवाल्याचा खाडा, सगळं त्याच घरांत मथुरा पेन्सिलीनं लिहायची. लाल माझं, पेन्सिल तिची.

मथुरा म्हणजे माझी बायको. लग्नाला एकतीस वर्षं झाली. मुलगी दामिनी एकच, ती लग्न होऊन नागपूरला.

नाईट करून आलो की मी सकाळी सातला जेवून झोपायचो, ते दुपारी दोनपर्यंत. तेवढा वेळ आमच्या घरी भांड्याला भांडं लागत नसे. कुकरच्या शिटीनं मला जाग येते म्हणून मथुरा डाळ-तांदूळ घातलेला कुकर उचलून शेजारच्या साहूबाईकडे न्यायची, तिथं शिट्ट्या करून परत आणायची. दामिनी पाढे ओठातल्या ओठात पाठ करायची. याचा मला अभिमान होता. मिलमध्ये सांगायचो, "माह्या घरी येऊन पाहा. टाचणी पडली तर ऐकू येते." आणि नाईट तीन आठवड्यांतून एक, पण ती सवय बाकीच्या दोन आठवड्यांतही तशीच राहिली. मी घरात असलो की घर हळू बोलायचं. मला वाटायचं, यालाच शांती म्हणतात. यालाच सुख म्हणतात.

माझं रिटायरमेंट तीस एप्रिलला होतं. क्वार्टर लीजवर घेतलेलं, म्हणजे राहायचं इथंच. मार्चपासून मी ज्याला-त्याला सांगत होतो, "आता एक मेपासून मी आन मथुरा. ना शिफ्ट, ना सायरन. चोवीस तास घरी." मथुरा ते ऐकून "हो" म्हणायची. मी तो "हो" कधी नीट ऐकला नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला भूमिका आली. भूमिका आमच्या समोरच्या पुंडलिकची मुलगी. पुंडलिक माझ्याच मिलमध्ये, त्याची बायको वच्छला. पोरगी दुर्गच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकते. हातात कागदांचा गठ्ठा.

"काका, प्रोजेक्ट आहे. लोक किती खुश आहेत, त्याच्यावर. आपल्या सेक्टरच्या बाया-माणसांचं करून राहिली मी."

"सरकार आता हेबी मोजते काय?"

"सरकार नाही हो, मी मोजते." ती हसली. "दहा पायऱ्यांची शिडी समजा. सगळ्यात वरच्या पायरीवर सगळ्यात चांगली जिंदगी. तुम्ही कोणत्या पायरीवर उभे आहात?"

"दहाव्या," मी एका दमात म्हटलं. "आन मथुराचेबी दहाच लिहून टाक. एकाच घराच्या दोन पायऱ्या कशा असतीन?"

"काका, काकूंना बोलू द्या ना."

मथुरा चहा घेऊन आली होती. ट्रे खाली ठेवता ठेवता म्हणाली, "हे म्हनतात तेच लिह्य बाई."

भूमिकानं लिहिलं नाही. पेन तसंच धरून ती मथुराकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बरं, बायांसाठी माझा दुसरा सवाल आहे. पूर्ण जिंदगीचं विचारलं की माणूस लोकांना पाहून जवाब देतो. म्हणून मी रोजचं विचारते. दिवसातून दोनदा, दुपारी एकला आन रात्री नऊला, आत्ता, या घडीला कसं वाटून राहिलं, एक ते दहा. बस, एक नंबर. तीन आठवडे. हा फॉर्म घ्या, काकू."

"फॉर्म हारपते माह्याकडून," मथुरा म्हणाली. "क्यालेंडरवर लिहीन. थे काही कुठं जात नाही."

मी हसलो. म्हटलं, "लिह्य लिह्य. दहाच्या वर नको जाऊ मात्र."

ती लिहीत होती हे मला माहीत होतं. लाल अक्षराच्या खाली दोन बारीक आकडे, डावीकडे दुपारचा, उजवीकडे रात्रीचा. मी रोज सकाळी गेलेल्या दिवसावर फुली मारायचो, रिटायरमेंटला किती दिवस राहिले ते पाहायला. तेव्हा आठ, नऊ असं काहीतरी डोळ्यांखालून जायचं. मी कधी थांबून पाहिलं नाही. खात्री असलेला माणूस पाहत नाही, हे लक्षात ठेवा.

तिसऱ्या आठवड्यात माझी फर्स्ट होती. सकाळी सहा ते दुपारी दोन. त्या गुरुवारी कँटीनमध्ये समोसा खाता खाता मी पुंडलिकला म्हणालो, "तुही पोरगी आमचं सुख मोजून राहिली बे. माह्या बायकोचे आकडे पाह्य जाय. आठ, नऊ, आठ. टाकीत भरून ठेवण्यासारखं सुख हाय आमच्या घरी."

टेबलावर आठ-दहा जण होते. पुंडलिकनं चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "कोणत्या दिवसाचे बे? तू घरी असते त्या दिवसाचे, का ड्यूटीवर असते त्या दिवसाचे?"

सगळे असे हसले की मागच्या टेबलवरचे उठून विचारायला आले, काय झालं म्हणून. मोहित नावाचा नवा हेल्पर तर खुर्चीवरून पडायचा राहिला. मीसुद्धा हसलो. हसताना समोसा घशात अडकला.

उरलेली शिफ्ट मी वर केबिनमध्ये बसून होतो आणि ते वाक्य खाली जातच नव्हतं.

घरी आलो तेव्हा पावणेतीन झाले होते. मथुरा भाजीला सुपेलाच्या बाजारात गेली होती, घर बंद. मी बूटही काढले नाहीत. चष्मा लावला आणि कॅलेंडरसमोर उभा राहिलो.

पहिला आठवडा नाईटचा. दिवसा मी झोपलेला, रात्री सव्वानऊपर्यंत घरी. दोन, तीन. दोन, दोन. तीन, चार. दोन, तीन. अख्ख्या आठवड्यात चारच्या वर एक आकडा नाही.

दुसरा आठवडा सेकंडचा. सकाळी घरी, दुपारी एकनंतर ड्यूटी. डावीकडे तीन, दोन, तीन. उजवीकडे आठ, आठ, सात, नऊ.

तिसरा आठवडा फर्स्टचा. डावीकडे नऊ, आठ, नऊ. उजवीकडे तीन, दोन, तीन.

मधल्या दोन सुट्या. लाल ऑ, आणि खाली पेन्सिलीनं दोन, दोन. पुन्हा दोन, दोन.

मी बोट ठेवून एकेक घर पुन्हा पाहिलं. कुठं तरी चुकेल असं वाटलं. एक तरी दिवस असा निघेल, की मी घरी आहे आणि खाली सहा लिहिलेत. पाच तरी. नाही. माझं लाल अक्षर वाचून तिचा आकडा सांगता येत होता. शिफ्ट मी भरायचो. म्हणजे तिचं सुखही मीच भरून ठेवत होतो, महिनाभर आधी.

आता एखाद्या शहाण्या माणसानं काय केलं असतं? बसला असता. रडला असता. बायको आली की विचारलं असतं. मी काय केलं सांगतो. माझ्या डोक्यात सगळ्यात आधी पुंडलिक आला. उद्या शुक्रवार, त्याची पोरगी हे आकडे घेऊन जाणार. घरी बापाच्या समोर बसून वहीत उतरवणार. परवा कँटीन. आठ दिवसांत माझं रिटायरमेंट, गळ्यात हार, आणि मागं सगळे पोट्टे म्हणणार, जाय बाबा घरी, तुही बायको वाटच पाहून राहिली.

दामिनीच्या जुन्या कंपासपेटीत खोडरबर सापडलं. पेन्सिल कॅलेंडरलाच दोऱ्यानं बांधलेली होती. मी दोनाचे आठ केले, तीनाचे सात केले. हुशारी अशी, की सगळीकडे एकच आकडा नको, म्हणून मधे मधे सहाही टाकले. सुटीच्या दिवसाला नऊ, नऊ. माझे हात पिळदार आहेत, क्रेनचे लिव्हर ओढलेले. खोडताना लाल शाई पसरली, घरं गुलाबी झाली. वीस मिनिटं लागली असतील. एकतीस वर्षांत मी बायकोच्या मनावर सलग इतका वेळ दिला नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी भूमिका आली. मी खुर्चीत पेपर धरून बसलो. मथुरा हात पुसत आली, चष्मा लावला, आणि कॅलेंडर खिळ्यावरून काढून पोरीच्या हातात देणार, तेवढ्यात तिची नजर त्यावर गेली.

पेपरच्या वरून मी पाहत होतो. तिनं पहिल्या आठवड्यावर बोट ठेवलं. दुसऱ्यावर ठेवलं. गुलाबी झालेल्या एका घरावर अंगठा घासून पाहिला. मग कॅलेंडर भूमिकाला दिलं.

भूमिका बराच वेळ पाहत राहिली. "काकू," ती म्हणाली, "हे तुमच्याच हातचे आहेत ना?"

मथुरानं चष्मा काढला.

"हो," मथुरा म्हणाली. "माह्याच हातचे हायेत."

"सगळे?"

"सगळे. च्या घेशीन ना? अद्रक टाकू?"

पोरीनं फोटो काढला, चहा घेतला, बिस्किट खाल्लं, गेली. मथुरा कॅलेंडर परत खिळ्याला लावून आत गेली. मी वाट पाहत होतो. ती येईल, कॅलेंडर माझ्या तोंडावर फेकेल, विचारेल, कावून केलं? मी उत्तरही तयार ठेवलं होतं. तिनं विचारलंच नाही. रात्री ताट वाढलं, भेदराची, म्हणजे टमाट्याची, चटणी वाढली, हळूच विचारलं, "मीठ बरोबर हाय ना?" त्या आवाजात काहीच नवं नव्हतं. माझं झाकायची तिला इतकी सवय होती, की एक चोरी आणखी झाकायला तिला वेगळा आवाज काढावा लागला नाही.

शनिवारी मी ड्यूटीवर गेलो खरा, पण क्रेनवर चढायची हिंमत झाली नाही. वरून हात चुकला तर खाली माणसं असतात. अर्ध्या दिवसाची रजा टाकली. अकराच्या सुमाराला घरी पोचलो. नेहमी मी गेटवर सायकलची घंटी वाजवतो. त्या दिवशी वाजवली नाही. का ते माहीत नाही. घराच्या बाजूनं मागच्या अंगणाकडे गेलो.

आमच्या मागं बिहीचं झाड आहे, पेरूचं. त्याच्या सावलीत चटई. चटईवर चार बाया. साहूबाई, तिच्या पलीकडची अप्पलम्मा, पुंडलिकची वच्छला आणि माझी बायको. मधे पत्त्यांचा ढीग. दहला पकडचा डाव, चारी दहले ज्याचे त्याचा कोट.

मथुरानं हात डोक्यावर नेऊन पत्ता चटईवर आपटला. "कोट!" ती ओरडली. "चारी दहले माह्याकडे! कोट झाला, साहूबाई, कोट! उठा आता, पाणी आना आमाले!"

"अई दाई," साहूबाई डोकं धरून म्हणाली, "ये डोकरी तो लूट डारिस!"

आणि मथुरा हसली. तोंड वर करून, दात दाखवून, मांडीवर थाप मारून. वच्छलाच्या खांद्यावर पडून हसली. मी भिंतीशी उभा. तो आवाज मी ओळखला नाही, हे लिहितो तसंच घडलं. क्षणभर वाटलं, ही कोणीतरी पाहुणी आलेली आहे आमच्याकडे.

नाही, ओळखला. थोडा वेळ लागला. लग्नाच्या पहिल्या वर्षी हा आवाज आमच्या घरात होता. तेव्हा ती याच साहूबाईसोबत पायरीवर बसून अशीच हसली होती आणि मी नाईट करून झोपलेला. मी उठून दारात गेलो होतो आणि म्हटलं होतं, "कावून खिदळून राहिली व? लाजगिज हाय का नाही?" बस एवढंच. हात उचलला नाही, शिवी दिली नाही. ते वाक्य बोलून मी परत झोपलो आणि छान झोप लागली. ती ते वाक्य एकतीस वर्षं जागी राहून पाळत होती.

पाय मागं घेताना रिकामी बादली लाथाडली गेली.

आवाज बंद. क्रेनचा मेन स्विच पाडावा तसा. वच्छलानं पत्ते पदराखाली घेतले, अप्पलम्मा चपला शोधायला लागली. मथुरा उठली, आणि मी पाहिलं, तिचा चेहरा माझ्यासमोर बदलला. मघाचा कुठं तरी आत गेला आणि घरचा वर आला.

"आज लवकर? तबेत बरी नाही काय?" आणि मागं वळून बायांना, अगदी हळू, "चला बाई आता. हे झोपतीन."

तिघी बाया माझ्यासमोरून मान खाली घालून गेल्या. मी काही राक्षस नाही. कोणाला मी कधी दुखवलं नाही असं सांगत फिरणारा माणूस आहे. पण त्या तिघी माझ्यासमोरून जशा गेल्या, तशा बाया राक्षसासमोरूनच जातात.

मी झोपलो नाही. चारला उठून समोर पुंडलिककडे गेलो. तो व्हरांड्यात दाढी करत बसला होता. भूमिका आत लॅपटॉपवर.

"पोरीले बोलाव," मी म्हटलं.

"काय झालं बे? तोंड कावून उतरलं?"

"बोलाव म्हटलं ना. आन तूबी ऐक. उद्या कँटीनमध्ये सांगाले कामी येईन."

भूमिका बाहेर आली. मी उभ्या उभ्या सांगितलं. आकडे मी खोडले, मी लिहिले, मथुरानं माझ्यासाठी खोटं सांगितलं. तुझ्या बापाचा कँटीनमधला टोला बरोबर बसला होता, तेही सांगितलं. पुंडलिकच्या एका गालावर साबण तसाच. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

भूमिकानं मोबाईल काढला. "काका, मी दर शुक्रवारी येत होती ना. तुम्ही ड्यूटीवर असायचे, नाहीतर झोपलेले. पहिल्या दोन आठवड्यांचे फोटो माझ्याकडे आधीच आहेत."

"म्हणजे काल तुले..."

"काल दिसलं मला. लगेच."

"मंग बोलली कावून नाही?"

"काकू नाही बोलल्या. मी कशी बोलणार?"

म्हणजे काल त्या खोलीत मी पेपरामागं बसून स्वतःला हुशार समजत होतो, आणि दोन बाया, एक माझ्या पोरीपेक्षा लहान, माझी अब्रू कशी वाचवायची ते एकमेकींकडे न पाहता ठरवत होत्या. अद्रक टाकू का, हा त्यातलाच प्रश्न होता.

"माहे दहा लिहिले होते तू," मी म्हटलं. "ते काट."

"काय लिहू त्याच्या जागी?"

मी बोलायला तोंड उघडलं. एकही आकडा आला नाही. "मले माहीत नाही," मी म्हटलं.

तिनं तेच लिहिलं. वाकून पाहिलं मी. 'माहीत नाही.' चौतीस वर्षांत मी दिलेलं ते पहिलं खरं उत्तर असेल.

निघताना पुंडलिक गेटपर्यंत आला. म्हणाला, "केवल, मी गंमत केली होती बे. मले काय माहीत खरंच असन." मग गेटची कडी लावता लावता, हळू, "माह्या घरचे आकडे मी पाह्यलेच नाही अजून." मनात म्हटलं, पाहशील तेव्हा पाहशील.

तीस तारखेला मिलमध्ये हार घातले, शाल दिली. पोट्ट्यांनी गाडीवर बसवून बाजा वाजवत घरी आणलं. गल्लीभर नाचले. मथुरा दारात आरती घेऊन उभी. कोणीतरी ओरडलं, "काकू, आता काका चोवीस तास तुमचेच!" मथुरा हसली, दात न दाखवता. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला तिच्या डोळ्यांत लाल पेननं लिहिलेला ऑ दिसला. पुढच्या सगळ्या घरांत ऑ.

त्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी मे महिन्याचं पान वर काढलं. लाल पेन घेतलं. एकापासून एकतीसपर्यंत सगळ्या घरांत लिहिलं: फ. फ. फ. फ.

मथुरा भांडी विसळत होती. पाहत होती.

एक मेला पहाटे साडेचारला उठलो. अंघोळ केली, मिलचे बूट घातले. स्वयंपाकघरात गेलो तर ओट्यावर डबा भरून ठेवलेला. पोळ्या, वांग्याची भाजी, कांदा. कुठं जाता, तिनं विचारलं नाही. डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "पाणी जास्त ठेवा सोबत. ऊन हाय." यानं मी जितका मेलो तितका खोडरबरनं मेलो नव्हतो. तिनं विचारलं असतं, नका जाऊ म्हटलं असतं, खोटं का होईना, तर मी थांबलो असतो. तिनं डबा भरला. आणि बरोबर केलं.

मी सायकल घेऊन निघायचो. सिविक सेंटरला झाडाखालच्या ओट्यावर बसायचो. दुकानं उघडायच्या आधीपासून. ओळखीचे भेटायचे. "अरे बहेकार, रिटायर झाला ना बे? हे बूट कसाले?" मी म्हणायचो, बँकेचं काम आहे. रोज बँकेचं काम. मग कुरुदकडे सायकल न्यायचो, नवी घरं बांधताना पाहत उभा राहायचो. एकला डबा खायचो. पावणेतीनला घरी. गेटवर घंटी वाजवायचो, जोरात, दोनदा, म्हणजे त्यांना आवरायला वेळ मिळावा. आत गेलो की अंगण झाडलेलं, चटई गुंडाळलेली, मथुरा पदर नीट करून उभी. घंटी वाजवून मी चांगलं करतोय असं मला वाटायचं. खरं म्हणजे मी अजूनही त्यांना गप्पच करत होतो, फक्त आता वेळेवर सूचना देऊन.

बारा मेला ऊन चव्वेचाळीसवर गेलं. अकरा वाजताच ओट्यावर मला चक्कर आली. पानवाल्यानं पाणी मारलं तोंडावर, म्हणाला, "घर जाओ चाचा, यहाँ मरोगे क्या?" सायकल हातानं ढकलत आलो. गेटवर पोचलो. हात घंटीवर गेला आणि तिथंच थांबला. मागून आवाज येत होता, साहूबाईचा, अप्पलम्माचा आणि तो तिसरा. आत जावं तर तो आवाज बंद होणार. घंटी वाजवली तरी होणार. परत उन्हात जायची ताकद नव्हती. मी गेटला धरून, स्वतःच्याच घराबाहेर चोरासारखा उभा राहिलो.

साहूबाई नळावर पाणी घ्यायला पुढं आली आणि तिनं मला पाहिलं. "ए मथुरा! तोर बुढवा आ गे!"

मागचा आवाज बंद झाला. झालाच.

मग मथुरा आली. घराला वळसा घालून, हातात पत्ते तसेच पंख्यासारखे धरलेले. लपवले नव्हते. माझ्याकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं, अंगावरच्या ओल्या शर्टाकडे पाहिलं.

"घंटी नाही वाजवली आज?"

"नाही."

ती उभी. मी उभा. सायकल आमच्या मधे.

"माह्याच्यानं," मी म्हटलं. बारा दिवस पाठ केलेलं सगळं विसरलं. "मी खोडलं ते..."

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "थे आता नका सांगू. बाया बसल्या हायेत." मागं वळली. दोन पावलं गेली. थांबली. "वच्छला गोंदियाले गेली. तिघीत दहला पकड होत नाही, आमी असेच पत्ते पिसून राहिलो. एक भिडू कमी हाय." मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "यायचं तं या. पाणी प्या आधी. पण एक सांगून ठेवते. बोलाचं नाही. इशाराबी कराचा नाही. बसाचं, पत्ता टाकाचा."

मी बूट काढले. चटईच्या कडेला बसलो. अप्पलम्मानं पदर सावरला, थोडी सरकली. मथुरा माझ्या समोर, माझी भिडू. पत्ते वाटले. कोणी हसत नव्हतं, कोणी बोलत नव्हतं. माझ्यामुळं. पत्त्यांचा आवाज तेवढा. दोन डाव गेले, तीन गेले. चौथ्या हाताला मी बदामाचा दहला टाकला. साहूबाईच्या तोंडावर. तिनं हुकुमानं उचलला.

"अहो!" मथुरा ओरडली. खरंच ओरडली. समोरच्या क्वार्टरपर्यंत गेलं असेल. "काय करून राहिले जी? दहला असा सोडते काय कोणी? डोळे हायेत का बिह्या हायेत? हुकूम तिच्याकडे हाय हे लहान पोट्ट्यालेबी समजते!"

"कका ला कुछु नइ आवय!" साहूबाई आडवी पडून हसायला लागली. अप्पलम्मानं तोंडावर पदर धरला, मग सोडून दिला.

एकतीस वर्षांत मथुरा पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. मी घरात, समोर बसलेला, आणि घरात आवाज. मला वर पाहवेना. मान खाली घालून मी पुढचा पत्ता टाकला. तोही चुकीचा होता.